जॅक रायन मालिका : वाचनाच्या क्रमाचा प्रश्न

लोकप्रिय कादंबरीच्या अभ्यासात मालिकेचा विचार करताना पहिला प्रश्न उद्भवतो तो वाचनाच्या क्रमाचा. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा बहुतांशी स्वयंपूर्ण असल्याने त्यांतील कोणतेही पुस्तक आधी वाचले तरी फारसे बिघडत नाही. टॉम क्लॅन्सी (१९४७-२०१३) या अमेरिकन कादंबरीकाराच्या लष्करी हेरकथांचे तसे नाही. त्यांचा नायक जॅक रायन हा पूर्वाश्रमीचा मरीन सैनिक आणि इतिहासाचा अध्यापक. तो सीआयएचा विश्लेषक होतो आणि पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचतो.

या मालिकेचे दोन क्रम संभवतात : कथाकालाचा आणि प्रकाशनकालाचा. 'विदाउट रिमोर्स' (१९९३) व्हिएतनाम युद्धाच्या काळात घडते. 'रेड रॅबिट' (२००२) १९८०च्या दशकाच्या आरंभी. कथाकाल प्रमाण मानल्यास ही उत्तरकालीन पुस्तके आधी वाचावी लागतात. नायकाचे चरित्र सलग हाती येते, हा या क्रमाचा लाभ निर्विवाद आहे. परंतु त्याची किंमत मोठी आहे. जॉन क्लार्क हे पात्र 'द कार्डिनल ऑफ द क्रेमलिन' (१९८८) मध्ये प्रथम अवतरते, तेव्हा त्याचा भूतकाळ अज्ञात असतो. 'विदाउट रिमोर्स' आधी वाचल्यास ही गूढता नष्ट होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा लेखकाच्या इतिहासदृष्टीचा आहे. 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९८४) लिहिली गेली तेव्हा शीतयुद्धाचा शेवट कोणासही ठाऊक नव्हता. सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान रामियस आपली पाणबुडी घेऊन अमेरिकेच्या आश्रयास निघतो आणि त्याचा हेतू रायनला केवळ अनुमानाने ताडावा लागतो. या अनुमानातील ताण त्या काळच्या अनिश्चिततेतून आला आहे. 'रेड रॅबिट' मात्र सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अकरा वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकाला शेवट ठाऊक आहे. कथाकालानुसार वाचणारा हा भेद गमावतो.

प्रकाशनक्रमाने वाचताना शत्रूची प्रतिमा कशी पालटते, हेही दिसते. 'द सम ऑफ ऑल फिअर्स' (१९९१) मध्ये अण्वस्त्र दहशतवाद्यांच्या हाती जाते. 'डेट ऑफ ऑनर' (१९९४) मध्ये संघर्ष जपानशी, आणि तोही व्यापारातून उद्भवलेला. प्रतिस्पर्धी बदलला तरी कथेची चौकट टिकते. शत्रू ही या साहित्यप्रकाराची रचनात्मक गरज आहे, हे येथे उघड होते.

म्हणून अभ्यासकाने 'रेड ऑक्टोबर'पासून आरंभ करावा आणि किमान १९९४ पर्यंतची पुस्तके प्रकाशनक्रमाने वाचावीत. 'रेड रॅबिट' त्यानंतर, मागे वळून पाहणारी कृती म्हणूनच वाचावी. कथाकालाचा क्रम दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवणे इष्ट. पहिल्या वाचनात मालिका आपल्या काळाबरोबर चालताना दिसली पाहिजे; अन्यथा हाती केवळ नायकाचे चरित्र उरते.