चार दिवसांतलं पुस्तक

आम्ही चार निवृत्त प्राध्यापकांनी घरच्या पैशांवरचं एक छोटं पुस्तक चार दिवसांत लिहिलं. हसू नका! 'बुक स्प्रिंट' नावाची पद्धतच आहे. सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तिथल्या तिथे तपासायचं.

मी लिहिलं, 'बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं.' १९९३ पासून ही मर्यादा एक लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. मला वाटलं, विषय संपला. वाणिज्यवाले सर म्हणाले, "पाच लाख कशाला? खात्याला, शाखेला की माणसाला?" आता बघा, जन्मभर तर्कशास्त्र मी शिकवलं आणि प्रश्न त्यांना सुचला!

तर नियम असा आहे, की एका माणसाच्या स्वतःच्या नावावरच्या, त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरतात. मुद्दल आणि व्याज मिळून मर्यादा पाच लाखच. बँक वेगळी असेल तर मर्यादा वेगळी.

हे ऐकून गणिताचे सर गप्प झाले. त्यांची सगळी ग्रॅच्युइटी एकाच बँकेच्या तीन शाखांत होती, सुरक्षित म्हणून विभागलेली. त्या दुपारी प्रकरण तसंच राहिलं. आम्ही चौघं रिक्षा करून बँकेत गेलो.