पाण्यातल्या म्हशीचा सौदा करू नका! खरेदीबद्दल दासबोध काय सांगतो?

महाडहून शिवथरघळीकडे जाणारा रस्ता बिरवाडीवरून जातो. समर्थ रामदासांनी दासबोध याच घळीत सांगितला, अशी परंपरा आहे. 20 दशक आणि 200 समासांचा हा ग्रंथ अनेक घरांत देव्हाऱ्याजवळ असतो. त्यातला दहाव्या दशकाचा आठवा समास मात्र बाजारात जाण्याआधी वाचावा असा आहे.

समासाचा विषय अध्यात्माचाच. प्रचीती आल्याशिवाय कोणाचे निरूपण ऐकू नये, हे समर्थांना सांगायचे आहे. पण त्यासाठी दिलेले दाखले थेट व्यवहारातले आहेत. रत्ने, नाणी पारखून घ्या. घोडा आणि शस्त्र आजमावून पाहा. बी उगवते का ते पाहूनच पैसे मोजा. गुण आलेलेच औषध घ्या. म्हैस पाण्यात बसलेली असताना सौदा करू नका. पाय, कास काहीच दिसत नाही.

थोडक्यात, फरक ‘अनुमान’ आणि ‘प्रचीत’ यांतला. शेजारी म्हणाला, जाहिरातीत दिसले, मोबाइलवर पाच तारे आहेत, हे सगळे अनुमान. महाग आहे म्हणजे चांगलेच असणार, हेही अनुमानच!

बियाण्याचेच घ्या. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान 80 टक्के असावी लागते. पिशवीच्या लेबलवर तो आकडा आणि चाचणीची तारीख असते. तरीही पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने मोड मोजावेत. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी टाकले, की पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. यात चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, अख्खा खरीप जातो.

सोन्याची पारख आता मोबाइलवर करता येते. हॉलमार्क दागिन्यावर अक्षरे-आकड्यांचा सहा खुणांचा ‘एचयूआयडी’ क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की शुद्धता दिसते. दुकानातच, पैसे देण्याआधी पाहावे.

नुसत्या विश्वासावर घेतलेल्या घराचा दाखलाही या समासात आहे. आज व्हॉट्सॲपवर प्लॉटचा फोटो येतो आणि लगेच टोकन मागितले जाते. त्याआधी ताजा सातबारा काढावा, इतर हक्कांचा रकाना वाचावा, प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासावा आणि जागेवर जाऊन हद्द पाहावी, तीही भर पावसात.