ऑलिंपिकचा उंबरठा : आशियाई तायक्वांदो पात्रता स्पर्धा



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या गावापासून फार दूरचा वाटेल. कोठे कोरिया, कोठे चीन आणि कोठे आपले केळीच्या बागांतले रावेर! परंतु पांढरा सैलसर पोशाख घालून आणि कमरेला पिवळा, हिरवा किंवा निळा पट्टा बांधून शिकवणीला निघालेली मुले-मुली आता तालुक्याच्या गावांतूनही दिसतात. घरी कोणी विचारले, तर मूल ऐटीत सांगते, "तायक्वांदो शिकतो." मग आजोबा विचारतात, "शिकून पुढे काय?" त्यावर मूल म्हणते, "ऑलिंपिक!" आजोबा कौतुकाने हसतात आणि विषय तेथेच संपतो. आज मला तो विषय तेथून पुढे न्यावयाचा आहे. पट्टा आणि ऑलिंपिक यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. त्याचे नाव खंडीय पात्रता स्पर्धा. ऑलिंपिक सारे जग पाहते. हा उंबरठा मात्र फारसा कोणी पाहत नाही. आणि बहुतेकांची स्वप्ने मोडतात ती याच ठिकाणी.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगतो. तायक्वांदो हा मुख्यतः लाथेचा खेळ आहे. हे नाव कोरियात १९५५ साली रूढ झाले, आणि १९७३ साली सेऊल येथे या खेळाची जागतिक संघटना स्थापन झाली. १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये तो केवळ प्रात्यक्षिकापुरता होता. पूर्ण मान मिळाला तो २००० साली सिडनी येथे. अष्टकोनी गादीवर दोन स्पर्धक समोरासमोर उभे राहतात. धडावर ठोसा लागला तर एक गुण, लाथ लागली तर दोन, डोक्यावर लागली तर तीन. गिरकी घेऊन धडावर मारली तर चार आणि डोक्यावर मारली तर पाच. छातीवरील कवच आणि डोक्यावरील टोप यांत विजेची यंत्रणा असते. लाथ पुरेशा जोराने व योग्य जागी लागली की गुण आपोआप नोंदला जातो. पूर्वी हे काम पंचांच्या डोळ्यांवर असे आणि त्यातून भांडणे होत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून हे कवच तेथे आले. सामन्यात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि ज्याने दोन जिंकल्या, तो विजयी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑलिंपिकला जातो कोण?

आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीत पंच मंडळी दोन मल्लांकडे नजर टाकून जोड लावतात. ज्याला लढायचे असेल, त्याने लंगोट लावून आखाड्यात उतरावे, एवढाच नियम. ऑलिंपिकमध्ये असे चालत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोसाठी साऱ्या जगाला मिळून १२८ जागा होत्या. पुरुषांचे चार वजनगट आणि स्त्रियांचे चार, असे आठ गट. प्रत्येक गटात सोळा स्पर्धक. या जागांची वाटणी समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक गटातील सहा जागा वर्षानुवर्षे जगभर खेळून ज्यांनी क्रमवारीत व वरिष्ठ मालिकेत वरचे स्थान मिळविले, त्यांच्यासाठी. नऊ जागा खंडांसाठी : आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका यांना प्रत्येकी दोन, ओशनियाला एक. उरलेल्या आठ जागांपैकी चार यजमान देशाला, आणि चार निमंत्रणाने, म्हणजे ज्या देशांचे पथक अगदी लहान असते त्यांच्यासाठी.

आपल्यापैकी ज्यांनी भुसावळ-खांडवा मार्गावर रात्रीची लांब पल्ल्याची गाडी पकडली आहे, त्यांना ही वाटणी चटकन समजेल. गाडीतील साऱ्या जागा मुंबईच्या प्रवाशांनीच भरल्या, तर मधल्या स्थानकावरच्या माणसाने काय करावे? म्हणून रेल्वे मधल्या स्थानकांसाठी काही जागा राखून ठेवते. खंडीय पात्रता स्पर्धा ही अशीच राखीव जागांची खिडकी आहे. फरक एवढाच, की येथे रांगेत उभे राहून भागत नाही. समोरच्याला हरवून पुढे सरकावे लागते.

पॅरिससाठी आशियाची ही खिडकी मार्च २०२४ मध्ये चीनमधील ताइआन या शहरात उघडली. १५ व १६ मार्च या दोन दिवसांत सारा निकाल लागला. आठ गट, प्रत्येक गटात दोन जागा, म्हणजे कोरिया, चीन, इराणपासून भारतापर्यंत अफाट पसरलेल्या खंडासाठी सोळा जागा. शिवाय एका देशाला अधिकात अधिक दोन पुरुष व दोन स्त्रियाच उतरविता येतात. आणि क्रमवारीतून आधीच जागा मिळाल्या असतील, तर तेवढ्या वजा होतात.

या स्पर्धेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. इतर कोणत्याही स्पर्धेत अंतिम सामना सर्वांत महत्त्वाचा असतो. येथे तसे नाही. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणाऱ्या दोघांनाही जागा मिळते. म्हणजे जीव टांगणीला लागतो तो उपांत्य सामन्यात. अन्य स्पर्धांत उपांत्य सामना हरणाऱ्याच्या गळ्यात निदान कांस्यपदक पडते. येथे हरणारा रिकाम्या हाताने घरी जातो, आणि पुढची ऑलिंपिक चार वर्षांनी येते. केळीची बाग लावून, पाणी देऊन, खत घालून वर्षभर सांभाळावी, घड भरात यावेत, आणि ऐन उन्हाळ्याच्या शेवटी अर्ध्या तासाच्या वादळाने सारी बाग आडवी व्हावी, हे दुःख या तालुक्याला मी वेगळे सांगावयाला नको. उपांत्य सामना हा तसाच अर्धा तास असतो; किंबहुना तेवढाही नसतो.

कधी कधी तर लढण्याचीही संधी मिळत नाही. कुस्तीची आशियाई पात्रता स्पर्धा याच नियमाने चालते. एप्रिल २०२४ मध्ये ती किर्गिझस्तानातील बिश्केक येथे होती. आपले दोन मल्ल, दीपक पुनिया आणि सुजीत कलकल, रशियातील दागेस्तानमध्ये सराव करून दुबईमार्गे तेथे निघाले होते. त्याच वेळी दुबईत अतोनात पाऊस झाला, विमानतळावर पाणी भरले आणि दोघेही अडकून पडले. ते बिश्केकला पोहोचले तेव्हा वजने घेण्याची वेळ टळून गेली होती. विनंत्या झाल्या, पण उपयोग झाला नाही. त्याच स्पर्धेत विनेश फोगाटने मात्र उपांत्य कुस्ती जिंकून आपली जागा मिळविली. उंबरठा एकच, कोणी ओलांडला आणि कोणाला तेथवर पोहोचताही आले नाही.

येथे कोणी विचारील, "ही वाटणी न्यायाची आहे का?" प्रश्न रास्त आहे. ज्या आशियात हा खेळ जन्मला, त्यालाही दोन जागा आणि इतरांनाही दोनच! ताइआनमध्ये उपांत्य फेरीत हरणारा एखादा खेळाडू दुसऱ्या खंडातील विजेत्याला सहज हरवू शकेल, हे उघड आहे. "जगातील सर्वोत्तम सोळा" असा ऑलिंपिकचा अर्थ केला, तर ही पद्धत सदोष ठरते. पण ऑलिंपिकचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो म्हणजे साऱ्या जगाने एकत्र येणे. केवळ गुणवत्तेवर जागा दिल्या, तर पाच-दहा श्रीमंत देशच एकमेकांशी खेळत बसतील. केवळ समान वाटणी केली, तर खेळाचा दर्जा उरणार नाही. म्हणून सहा जागा गुणवत्तेच्या क्रमाने आणि नऊ जागा खंडांच्या वाट्याने, अशी ही तडजोड आहे.

या तडजोडीचे फळ काय, तेही पाहा. तायक्वांदोत प्रत्येक देशावर पूर्वीपासून संख्येचे बंधन राहिले. त्यामुळे बलाढ्य देशांना सगळ्या जागा व्यापता आल्या नाहीत. अफगाणिस्तानला आजवर मिळालेली दोन्ही ऑलिंपिक पदके, २००८ चे आणि २०१२ चे, रोहुल्ला निकपाई या एकाच तायक्वांदोपटूने मिळविलेली आहेत. जॉर्डन या छोट्या देशाचे पहिले ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण, अहमद अबुघौश याने २०१६ साली याच खेळात जिंकले. थायलंडच्या पानिपाक वोंगपत्तनाकित हिने टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळविली.

आणि खंडाच्या खिडकीतून येणारा खेळाडू दुय्यम असतो, असेही समजू नये. कोरियाच्या किम यू-जिन हिचेच उदाहरण घ्या. ५७ किलो गटात जागतिक क्रमवारीत ती चोविसावी होती. म्हणजे क्रमवारीचा दरवाजा तिला बंद होता. कोरियाने खंडीय स्पर्धेसाठी हा गट निवडला, देशात निवड चाचणी घेतली, आणि ती जिंकून किम ताइआनला गेली. तेथे तिने जागा मिळविली. त्यानंतर ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे, क्रमवारीत पहिल्या असलेल्या चीनच्या लुओ झोंगशी हिला उपांत्य सामन्यात आणि इराणच्या नाहिद कियानी हिला अंतिम सामन्यात हरवून तिने सुवर्णपदक घेतले. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्याच्या कन्येलाही उंबरठ्यावरून वाकूनच आत यावे लागले. आणि वाकून आत आलेली तीच सिंहासनावर बसली.

आता आपल्याकडे वळू. २००० पासून २०२४ पर्यंत सात ऑलिंपिक झाल्या. त्यांतील एकाही ऑलिंपिकमध्ये भारताचा तायक्वांदोपटू उतरू शकला नाही. दिव्यांगांच्या पॅरालिंपिकमध्ये मात्र हरियाणातील अरुणा तंवर हिने वाट काढली. टोकियोला ती निमंत्रणाच्या जागेवर गेली. पुढे २०२४ साली याच ताइआनमध्ये झालेल्या आशियाई पॅरा पात्रता स्पर्धेत लढून तिने पॅरिसची जागा मिळविली. तिला पदक मिळाले नाही, हे खरे. परंतु पहिल्या वेळी पाहुणी म्हणून गेलेली मुलगी दुसऱ्या वेळी हक्काने गेली, या फरकाचे मोल मला पदकाइतकेच वाटते.

मग इतरांचे का अडते? खिडकी अरुंद आहे, असे म्हणून चालणार नाही. ती जॉर्डन आणि अफगाणिस्तानलाही तेवढीच अरुंद होती. अडचण खिडकीची नाही, खिडकीपर्यंतच्या रस्त्याची आहे. क्रमवारीचे गुण मिळवावयाचे तर वर्षभर देशोदेशी खेळावे लागते आणि त्याला पैसा लागतो. विजेच्या कवचावर सराव करावयाचा तर ती महाग सामग्री शिकवणीच्या जागी हवी. नुसत्या हवेत मारलेल्या लाथेने कवचावर गुण कसे मिळतील? त्यात आपल्या देशात या खेळाच्या संघटनांमध्ये मान्यतेवरून वर्षानुवर्षे वाद झाले. आणि शेवटचे कारण आपल्या घरातले आहे. कित्येक मुलांचा खेळ दहावीच्या सवलतीच्या गुणांपाशी थांबतो. प्रमाणपत्र मिळाले, गुण वाढले, की पट्टा खुंटीला लागतो. मी कोणाला दोष देत नाही. पालकांनाही मुलाच्या पोटाची काळजी असतेच. पण झाड लावून पहिल्या वर्षीच पाणी तोडले, तर फळाची आशा धरू नये.

रस्ता असला की काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे अवर्षणाचे गाव. तेथला दत्तू भोकनळ हा शेतकऱ्याचा मुलगा. विहिरी खोदण्याच्या कामावरही तो राबला होता. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि तेथे त्याच्या हाती वल्हे आले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे नौकानयनाची आशियाई पात्रता शर्यत झाली. एकट्याने वल्हवण्याच्या प्रकारात दत्तू दुसरा आला आणि रिओ ऑलिंपिकची जागा त्याला मिळाली. तेथे तो तेरावा आला. पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदकही मिळविले. ज्या गावात पिण्याच्या पाण्याची वानवा, तेथला मुलगा पाण्यावरच्या खेळात खंडाचा उंबरठा ओलांडतो! त्याच्या अंगची ताकद तळेगावातही होतीच. तिला नौका, शिक्षक आणि रोजचा घास यांची जोड मिळाली ती सैन्यात.

तेव्हा मित्रहो, आपल्या घरातले मूल "ऑलिंपिक" म्हणाले, तर हसू नका. त्याला हा हिशेब समजावून सांगा. आधी जिल्हा, मग राज्य, मग देशात आपल्या वजनगटात पहिला क्रमांक, मग खंडाच्या सोळा जागांपैकी एक. आणि त्या जागेसाठी एक उपांत्य सामना. हिशेब कठीण आहे, पण तो उघड आहे. त्यात वशिल्याला जागा नाही आणि रावेरचा म्हणून कोणाला मज्जावही नाही. मुलाने लाथ मारावयास शिकावे; गावाने त्याला शिकण्यासाठी एक चांगली गादी, एक जाणता शिक्षक आणि दहावीनंतरची चार-पाच वर्षे द्यावीत. एवढे झाले, तर उंबरठ्यापर्यंतचा रस्ता तयार होईल. उंबरठा ओलांडण्याचे काम त्याचे त्याने करावयाचे आहे. तेथवर पोहोचवण्याचे काम मात्र आपले आहे.