खिशातील चाकू : वस्तू, नाव आणि अर्थ

दैनंदिन वापरातील एखादी वस्तू प्रचारातून का जाते, ह्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्या वस्तूच्या गुणदोषांत शोधले जाते. जुनी गैरसोयीची ठरली, नवी सोयीची आली, असे आपण म्हणतो. खिशात बाळगावयाच्या घडीच्या चाकूचा इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे वाटते. भाषेतील शब्दाचे मूल्य जसे शेजारच्या शब्दांवरून ठरते, तसे खिशातील वस्तूचे मूल्यही तिच्यासोबत वावरणाऱ्या इतर वस्तूंवरून ठरते. ही सोबत बदलली की निर्दोष वस्तूही निरुपयोगी होते. प्रस्तुत लेखात हाच विचार काही उदाहरणांनी स्पष्ट करावयाचा आहे.

प्रथम नावांकडे पाहू. इंग्रजीतील ‘पेननाइफ’ म्हणजे मुळात पिसाची लेखणी तासण्याचा चाकू. फारसीतून मराठीत आलेला ‘कलमतराश’ हा शब्द घडणीने त्याच्याशी तंतोतंत जुळतो. बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजत असल्यामुळे लिहिणाऱ्याच्या दौतीजवळ असा चाकू असणे स्वाभाविकच होते. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर घडविलेली पोलादी टोके स्वस्त झाली आणि लेखणी तासण्याचे काम हळूहळू संपले. मात्र ह्या घटनेला दोन्ही भाषांनी दिलेले उत्तर वेगळे आहे. इंग्रजीत नाव टिकले. लेखणीशी असलेला त्याचा संबंध तुटून ते कोणत्याही लहान घडीच्या चाकूस लागू झाले. मराठीत ‘चाकू’ हा सामान्य शब्द रुळलेला असल्यामुळे ‘कलमतराश’ला नवा अर्थ मिळण्यास जागाच उरली नाही. तो आपल्या कामाबरोबर मागे पडला.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील साव्हुआ प्रांताचे आहे. तेथे जोसेफ ओपिनेल ह्याने 1890च्या सुमारास लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला आणि 1897 साली त्याचे 1 ते 12 अशा क्रमांकांचे बारा आकार ठरविले. त्यांपैकी क्रमांक 1 व क्रमांक 11 ह्यांचे उत्पादन 1930 नंतरच्या दशकात बंद झाले. क्रमांक 1चे पाते अवघे 2 सेंटिमीटरचे होते व तो साखळीत अडकविण्यासाठी त्याला छोटी कडी होती. खिशातील घड्याळ आणि त्याची साखळी मागे पडून मनगटी घड्याळ रूढ होण्याचा हाच काळ होय. क्रमांक 11ची गोष्ट निराळी. तो 10 आणि 12 ह्यांच्या इतका जवळ होता की, त्याचे वेगळेपण ग्राहकास जाणवेना. एकाची सोबत नाहीशी झाली, तर दुसऱ्यास अतिसान्निध्य भोवले. भेदक लक्षण क्षीण झाले की दोन ध्वनींपैकी एक लोप पावतो, हे ध्वनिविचाराच्या अभ्यासकास परिचितच आहे. विशेष म्हणजे उरलेल्या चाकूंना नवे क्रमांक दिले गेले नाहीत. त्यामुळे आजही त्या मालिकेतील रिकाम्या जागा लुप्त आकारांची साक्ष देतात.

स्वित्झर्लंडमधील सैनिकी चाकूचा प्रवासही असाच बोधप्रद आहे. 1891 साली सैनिकांस देण्यात आलेल्या पहिल्या चाकूत डबा उघडण्याचे साधन व स्क्रू-ड्रायव्हर होते. कारण सैनिकाजवळ डबाबंद अन्न होते आणि त्याची नवी बंदूक स्क्रू काढून उघडावी लागे. 1961चा नमुना सुमारे अर्धशतक टिकला. 2008 साली त्याच्या जागी एका हाताने उघडणारा, पाते अडकून राहणारा व लाकूड कापण्याची करवत असलेला मोठा चाकू स्वीकारण्यात आला. 1897चा प्रसिद्ध ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ मात्र अधिकाऱ्यांच्या सरकारी सामग्रीत कधीच नव्हता. नाव आणि वस्तुस्थिती ह्यांतील अंतर येथे आरंभापासूनच दिसते.

आतापर्यंत वस्तू बदलली आणि शब्द तिच्यामागे गेला. ब्रिटनमध्ये ह्याच्या उलट घडले. तेथील 1988च्या फौजदारी न्याय अधिनियमाने सार्वजनिक ठिकाणी सकारण नसताना पाते बाळगणे हा गुन्हा ठरविला. परंतु 3 इंचांपर्यंत धार असलेल्या ‘घडीच्या खिसाचाकू’स त्यातून वगळले. मग प्रश्न उभा राहिला तो शब्दार्थाचा. उघडल्यावर ज्याचे पाते खटक्याने पक्के बसते, तो चाकू घडीचा म्हणावयाचा काय? हॅरिस खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, जो केव्हाही नुसत्या दाबाने मिटतो तोच घडीचा चाकू. आणि 1998 साली अपील न्यायालयाने तोच अर्थ उचलून धरला. ओपिनेलने 1955 साली क्रमांक 6 व त्यापुढील चाकूंना पाते रोखणारे फिरते कडे बसविले होते. बोट कापू नये म्हणून केलेली ती सोय ह्या व्याख्येने अडचणीची ठरली. कडे नसलेले क्रमांक 2 ते 5 तेवढे सवलतीत राहिले. कारागिराच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असलेला चाकू कायद्याच्या दृष्टीने अधिक संशयास्पद झाला! एका विशेषणाच्या अर्थावर माणसाचे निर्दोषत्व अवलंबून असू शकते, ही गोष्ट अर्थविचारास केवळ पांडित्याचा विषय समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

2001 सालच्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर विमानाच्या प्रवासी कक्षातूनही खिशातील चाकू हद्दपार झाला. पूर्वी किल्ल्यांच्या जुडग्यात सहज असणारी वस्तू तपासणीच्या मेजावर काढून ठेवावी लागू लागली. अखेर 2024 साली व्हिक्टोरिनॉक्स ह्या स्विस कंपनीने पाते नसलेल्या खिशातील साधनांवर काम चालू असल्याचे जाहीर केले.

पाते नसलेल्या वस्तूस लोक चाकू म्हणतील काय, हे व्यवहारच ठरवील. लेखणी गेल्यावरही ‘पेननाइफ’ हे नाव राहिले, हे पाहता तसे घडणे अशक्य नाही. मात्र दोन्ही प्रसंगांत एक फरक आहे. लेखणी गेली तेव्हा चाकूने सोबती गमावला, पण त्याचे कापण्याचे काम शाबूत राहिले; येथे प्रत्यक्ष ते कामच जात आहे. खिशातील वस्तूंची नावे नोंदविताना वस्तूचे रूप, तिचे काम, तिची सोबत आणि तिच्यावरील निर्बंध ह्या चारही बाबी अभ्यासकांनी टिपल्या, तर कोशात केवळ अर्थ उरणार नाही, तो अर्थ का बदलला ह्याची कारणेही उरतील.