हरभऱ्याची मर आणि झाडांचे द्वारपाल

वर्षांतून पुरण किती वेळां शिजतें हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. होळी आहे, पोळा आहे, श्रावणांतले शुक्रवार आहेत, आणि ऐन वेळीं उपटलेल्या पाहुण्यांचें निमित्त तर वेगळेंच. डाळ जुनी कीं नवी, मऊ शिजणारी कीं टणक, याची चर्चा स्वयंपाकघरांत पुष्कळ होते. परंतु ती डाळ डब्यांत येण्यापूर्वीं हरभऱ्याच्या झाडास कोणत्या शत्रूशीं झुंजावें लागलें, याची वार्ता घरांत क्वचितच पोहोंचते. ती आज सांगावी असा विचार आहे.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें) हा मुळांत अवर्षणाचा प्रदेश. प्रवरेच्या पाटाखालीं ऊंस डोलतो आणि कारखान्यांच्या चिमण्या दुरून दिसतात, म्हणून सारा मान उंसाला मिळतो. पण जेथें पाटाचें पाणी पोहोंचत नाहीं तेथील कुटुंबाची रब्बीची सारी भिस्त ज्वारी व हरभरा यांवरच असते. पावसाळा सरतांना काळ्या जमिनींत जी ओल उरते, तिच्यावर हा हरभरा वाढतो. पेरून महिना होतो न होतो तोंच एखाद्या सकाळीं शेतांत कांहीं झाडें मान टाकलेलीं दिसतात. पाणी द्यावें तर उपयोग नाहीं. झाड उपटून पाहावें तर मुळें वरून धडधाकट. परंतु तेंच मूळ उभें चिरलें असतां आंत काळपट तपकिरी रेघ दिसते. हीच ती 'मर'. एडविन बटलर यांनीं १९१८ सालीं हिंदुस्थानांतील या रोगाची नोंद केली.

या रोगाचें कारण फ्युजेरियम नांवाची एक बुरशी. ती मुळावाटे आंत शिरते व झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत बिऱ्हाड करते. त्यामुळें जमिनींत ओल असूनही झाड तहानेनें मरतें. मर लवकर लागली तर पिकाचें नुकसान शेंकडा ७७ ते ९४ पर्यंत जातें, आणि उशिरां लागली तरी २४ ते ६५ पर्यंत, असें शास्त्रज्ञांनीं मोजलेलें आहे. त्यांतून घाटे धरल्यावर जें झाड मरतें, त्याचा दाणा सुरकुतलेला व हलका निघतो. बरें, पुढील वर्षीं हरभरा न पेरला म्हणजे सुटलों असेंही नाहीं. ही बुरशी हरभऱ्यावांचून सहा सहा वर्षें मातींत टिकून राहते. दोनतीन एकरांच्या धन्यानें सहा वर्षें तें रान हरभऱ्याविना ठेवावयाचें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस कळेल.

याच जिल्ह्यांत राहुरी येथें १९६८ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. महात्मा फुले यांचें नांव असलेल्या या विद्यापीठानें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत 'विजय' नांवाचा हरभऱ्याचा वाण दिला, व २००६ सालीं 'दिग्विजय' दिला. बियाण्यांचीं नांवें बहुधा पराक्रमाचीं असतात आणि कर्तृत्व बेताचें असतें. पण येथें नांव शोभून गेलें. मर-रोगास हे दोन्ही वाण सहसा दाद देत नाहींत.

दाद देत नाहींत म्हणजे नेमकें काय होतें? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं 'दिग्विजय' आणि मरीस हमखास बळी पडणारा 'जेजी ६२' हे दोन वाण घेऊन त्यांच्या मुळांचा शोध घेतला. तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. कोणासही वाटावें कीं दिग्विजयाच्या मुळांत बुरशीस प्रवेशच मिळत नसेल. पण तसें नाहीं. बुरशी दोहोंतही शिरते. मात्र एकांत ती फोफावते, तर दुसऱ्यांत तिची वाढ रोखली जाते. तेव्हां खरा सामना वेशीवर न होतां आंतच होतो.

झाडाच्या अंगांत रक्त नाहीं, आणि रोग दिसतांच धांवून जाणाऱ्या फिरत्या पेशीही नाहींत. देवीची लस टोंचून माणसास जसें नवें संरक्षण देतां येतें, तसें झाडास त्याच्या हयातींत शिकवितां येत नाहीं. प्रत्येक पेशीनें आपलें रक्षण आपणच करावयाचें, आणि त्यासाठीं जीं हत्यारें लागतील तीं बियांतूनच, पूर्वजांकडून, यावयाचीं. यांतलें मुख्य हत्यार म्हणजे शत्रू ओळखणारीं प्रथिनें. शास्त्रज्ञ त्यांस रिसेप्टर म्हणतात. आम्ही द्वारपाल म्हणूं.

जुन्या वाड्यांत देवडीवर एक पहारा असे आणि माजघरापाशीं दुसरा. झाडाच्या पेशींतही अशीच योजना आहे. देवडीवरचे द्वारपाल पेशीच्या बाह्य आवरणावर बसलेले असतात व ते चोराची जात ओळखतात. बुरशीच्या अंगावरच्या कवचांत कायटिन नांवाचें द्रव्य असतें. तेंच द्रव्य झुरळाच्या पाठींत व खेंकड्याच्या कवचांतही सांपडतें, पण झाडाच्या स्वतःच्या अंगांत तें नसतें. त्याचा तुकडा हाताशीं लागतांच द्वारपाल इशारा देतो, पेशी आपल्या भिंती जाड करूं लागते व विषारी रसायनें तयार करते. पुष्कळसे भुरटे येथूनच परततात.

मुरब्बी चोर मात्र एवढ्यानें हटत नाहीं. तो आपलीं कांहीं प्रथिनें पेशीच्या आंत सोडून पहाऱ्याची व्यवस्थाच ढिली करतो. त्यांस पकडणारे द्वारपाल माजघरांतले. यांचें उत्तम उदाहरण टोमॅटोंत सांपडलें. आणि संगमनेरकडील टोमॅटो ज्यांच्या घरीं येतो त्यांस तें परकें वाटूं नये. टोमॅटोची मर आणणारी बुरशी हरभऱ्याच्या बुरशीची सख्खी बहीणच. बोरांएवढीं फळें देणाऱ्या एका रानटी टोमॅटोंतून आणलेला आय-२ नांवाचा आंतला द्वारपाल त्या बुरशीचें एक प्रथिन ओळखतो. त्याची वंशलिपि १९९७-९८ च्या सुमारास वाचली गेली, आणि तो नळ्यांच्या अवतीभंवतींच जागा असतो असें दिसलें. यावर बुरशीनें काय केलें? आय-२ ला निष्प्रभ करणारें दुसरें प्रथिन पुढें केलें! पण आय नांवाचा आणखी एक द्वारपाल नेमकें तेंच दुसरें प्रथिन ओळखतो. पहारेकऱ्यास गुंगी देण्यासाठीं आणलेल्या औषधाच्या वासावरूनच चोर सांपडावा, तसा हा प्रकार २००८ सालीं उघडकीस आला.

आंतला द्वारपाल शत्रू ओळखल्यावर करतो काय, तें २०१९ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं मोहरीच्या कुळांतील एका रानरोपांत पाहिलें. अशा प्रथिनाचे पांच रेणू एकत्र येऊन चाकासारखी आकृति बनते व तिचें टोंक पेशीच्या पडद्यांत रुततें. त्या भोंकांतून चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे कण आंत येतात, आणि बहुधा ती पेशी शत्रूसह मरून शेजारणींस वांचविते.

हरभऱ्याची समग्र वंशलिपि २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आंतल्या द्वारपालांच्या घाटणीचे शंभराहून अधिक नमुने आढळतात. इतके कशास हवेत, तें मरीच्या बुरशीकडे पाहिलें म्हणजे समजतें. हावरे व नेने या शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं दाखविलें कीं ही बुरशी एकजिनसी नसून हिंदुस्थानांतच तिच्या चार जाती आहेत. एका गांवीं टिकलेला वाण दुसऱ्या गांवीं मान टाकतो तो त्यामुळें. पहिल्या जातीशीं झुंजण्याचे हरभऱ्यांतले तीन वारसाघटक पुढें निश्चित झाले. त्यांपैकीं एकच असेल तर झाड मरतें, फक्त उशिरां मरतें. कोणतेही दोन एकत्र आले तर झाड वांचतें. राहुरीसारख्या ठिकाणीं वाणांचे संकर करून पिढ्यान्‌पिढ्या निवड चालते ती अशाच जोड्या जुळविण्यासाठीं. द्वारपाल हवे तेवढे भरावे म्हटलें तर तेंही जमत नाहीं. दोन भिन्न कुळांतले पहारेकरी एकाच झाडांत आले कीं कधीं कधीं एकमेकांसच चोर समजतात, व तें रोप रोगावांचूनच करपून खुरटतें. गव्हाच्या संकरांत हा अनुभव जुना आहे.

ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं ही बुरशी बियांबरोबरही प्रवास करते. मर लागलेल्या रानांतले दाणे डाळीस चालतील, बियाण्यास नव्हे. पेरणीपूर्वीं बियांस ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी चोळतात, तीही दिग्विजयासारख्या वाणाच्या जोडीस घ्यावी. एकट्या तिच्यावर विसंबून जेजी ६२ पेरण्यांत अर्थ नाहीं. राहुरीनें २०१६ सालीं 'फुले विक्रम' हा आणखी एक वाण दिला. तो मरीस दाद देत नाहीं, शिवाय इतका उंच वाढतो कीं यंत्रानें कापतां येतो, आणि हरभरा उपटतांना आंब भरून हात सोलवटणाऱ्या बायांचे तेवढे कष्ट वांचतात.