बंद झालेलें खातें आणि अपिलाची वाट

एके सकाळीं घराच्या कुलपाला आपलीच किल्ली लागूं नये, आणि दारावर एवढीच चिठी डकवलेली असावी कीं, ‘नियमभंगामुळें हें घर बंद करण्यांत आलें आहे’. अशी कल्पना केली म्हणजे समाजमाध्यमावरील खातें अकस्मात् बंद झालेल्या माणसाची स्थिति ध्यानांत येते. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवरील खातें ही कांहीं वर्षांपूर्वीं केवळ करमणुकीची बाब होती. आज त्यांत दिवंगत आईवडिलांचीं छायाचित्रें असतात, परदेशीं गेलेल्या मुलांशीं झालेला पत्रव्यवहार असतो, आणि कित्येक घरांत तर चूलही त्याच्याच आधारावर पेटते. दिवाळीचा फराळ, मसाले किंवा साड्या विकणाऱ्या गृहिणीचीं सारीं गिऱ्हाइकें त्या एका खात्यांतून तिच्याकडे येतात. तें बंद झालें म्हणजे दुकानाची पाटी, मालाचा फलक आणि गिऱ्हाइकांची वही हीं तिन्हीं एकाच क्षणीं नाहींशीं होतात.

अशा प्रसंगीं माणूस दोहोंपैकीं एक चूक हटकून करतो. एक तर तो रागाच्या भरांत कंपनीला शिव्याशाप देणारें लांबलचक पत्र लिहितो. नाहीं तर ‘कृपा करावी’ अशी काकुळतीनें याचना करतो. दोन्हीही व्यर्थ होत. अपील हा दयेचा अर्ज नव्हे, तसेंच तें भांडणही नव्हे. ज्या कारणावरून निर्णय दिला गेला त्या कारणाचें तें उत्तर आहे. हें एक तत्त्व ध्यानीं धरलें कीं पुढील सर्व पायऱ्या सुगम होतात.

पहिली पायरी निदानाची. ताप कशाचा हें कळल्याशिवाय औषध देऊं नये, तसेंच खातें कशानें अडलें हें कळल्याशिवाय अपिलाला हात घालूं नये. परवलीचा शब्द विसरला असेल तर अपिलाचें कारणच नाहीं. नोंदविलेल्या दूरध्वनि-क्रमांकावर किंवा ईमेलवर येणाऱ्या सांकेतिक अंकांनीं दार उघडतें. खातें चोरानें बळकावलें असेल तर त्याची वाट वेगळी. त्यासाठीं फेसबुक व इन्स्टाग्राम यांनीं स्वतंत्र पृष्ठें ठेविलीं आहेत आणि तेथें आपलें खातें परक्याच्या हातीं गेल्याचें कळवावयाचें असतें. संशयास्पद हालचाल दिसल्यामुळें कुलूप तात्पुरतें घातलें असेल, तर ओळख पटविली कीं तें निघतें. मात्र नियमभंगाचें कारण देऊन कंपनीनेंच खातें निलंबित केलें असेल, तरच खऱ्या अर्थानें अपिलाचा प्रश्न येतो. या चारांचा घोळ केल्यामुळें पुष्कळांचे मोलाचे दिवस फुकट जातात.

आतां हा निर्णय करतो कोण? व्हॉट्सअ‍ॅपच्या भारतासंबंधींच्या मासिक अहवालांत एकेका महिन्यांत बंद केलेल्या खात्यांची संख्या लाखांत दिलेली असते, आणि त्यांतील पुष्कळ खातीं कोणीही तक्रार करण्यापूर्वींच यंत्रानें हुडकलेलीं असतात. एवढ्या मोठ्या राशीची निवड माणसाच्या डोळ्यांनीं होणें शक्य नाहीं. यंत्र खुणा पाहतें. हेतु त्याला दिसत नाहीं. माणसानें घालून दिलेल्या सरसकट नियमालाही तो पुष्कळदां दिसत नाहीं. २०१६ सालीं नॉर्वेंतील लेखक टॉम एगेलान यांनीं युद्धाचा इतिहास पालटणाऱ्या छायाचित्रांविषयीं लिहितांना व्हिएतनाममधील १९७२ चें तें जगद्विख्यात छायाचित्र फेसबुकवर दिलें. नापाम बाँबनें होरपळलेली एक बालिका त्यांत विवस्त्र धांवतांना दिसते. नग्न बालकाचें चित्र एवढीच खूण पाहून तें काढून टाकण्यांत आलें आणि एगेलान यांचें खातेंही कांहीं काळ अडविलें गेलें. ‘आफ्टनपोस्टन’ या वृत्तपत्राच्या संपादकांनीं पहिल्या पानावर फेसबुकच्या प्रमुखांना अनावृत पत्र लिहिलें. खुद्द पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनीं तेंच चित्र प्रसिद्ध केलें, तर तेंही पुसलें गेलें. अखेर ९ सप्टेंबर २०१६ रोजीं फेसबुकनें माघार घेतली.

एगेलान यांच्या पाठीशीं वृत्तपत्र होतें आणि पंतप्रधान होते. सामान्य माणसाच्या पाठीशीं यांपैकीं कोणीच नसतें. त्याच्यासाठीं एक ठराविक, सर्वांना सारखीच खुली असलेली वाट हवी, ही जाणीव त्यानंतर बळावली. फेसबुकनें काढून टाकलेल्या एकेका लेखाविरुद्ध अपिलाची सोय एप्रिल २०१८ मध्यें जाहीर केली. त्याच वर्षीं अभ्यासक आणि नागरी हक्कांच्या संस्था यांनीं सांता क्लारा तत्त्वें मांडलीं. त्यांचा मथितार्थ असा कीं, कंपनीनें कारवायांचे आंकडे प्रसिद्ध करावे, खातेदाराला कारण कळवावें, आणि मूळ निर्णयांत ज्याचा हात नव्हता अशा माणसाकडून फेरविचार करून घेण्याची संधि त्याला द्यावी. २०२४ पासून संपूर्ण लागू झालेल्या युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानें तर तेथील तक्रारीला किमान सहा महिन्यांची मुदत दिली असून तिचा निकाल केवळ यंत्रावर सोंपवूं नये असें बंधन घातलें आहे. म्हणजे अपील ही कंपनीची मेहेरबानी नसून खातेदाराचा अधिकार आहे, हा विचार हळूहळू मान्य होत चालला आहे.

प्रत्यक्ष अपील कसें करावें तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका गृहिणीनें २०१८ सालीं मसाल्यांचा धंदा सुरू केला, आणि इन्स्टाग्रामवर खातें उघडतांना जन्मतारखेच्या रकान्यांत धंद्याच्या शुभारंभाची तारीख घातली. यांत लबाडी नव्हती. धंद्याचें खातें, म्हणून धंद्याची तारीख, एवढाच सरळ विचार होता. परंतु खातें धंद्याचें असलें तरी जन्मतारीख स्वतःचीच द्यावी, अशी तेथें स्पष्ट सूचना असते. आणि किमान वयोमर्यादा १३ वर्षांची आहे. यंत्राच्या हिशेबीं ही प्रौढ स्त्री एक अजाण बालिका ठरली आणि खातें बंद झालें.

आतां तिनें लिहावें काय? ‘आमचीं इतकीं गिऱ्हाइकें आहेत, आम्हीं कधीं वावगा शब्द लिहिला नाहीं, ऐन सणाच्या तोंडावर आमचें नुकसान होत आहे,’ हें सगळें खरें असलें तरी प्रश्नाचें उत्तर नाहीं. परीक्षेंत भूगोलाच्या प्रश्नाला इतिहासाचें उत्तम उत्तर लिहिलें तरी गुण मिळत नाहींत. तिनें लिहावयाचें तें एवढेंच : ‘जन्मतारखेच्या जागीं धंद्याच्या प्रारंभाची तारीख चुकीनें नोंदली गेली. माझी खरी जन्मतारीख सोबतच्या ओळखपत्राप्रमाणें आहे. नोंद दुरुस्त करून खातें पुन्हां सुरू करावें.’ तीन वाक्यें. पहिल्यांत चूक, दुसऱ्यांत पुरावा, तिसऱ्यांत मागणी. जेथें चूक आपलीच असेल तेथें ती मोकळेपणानें मान्य करावी, आणि जेथें यंत्राची असेल तेथें ती कोणती हें नेमकें दाखवावें. पुष्कळ ठिकाणीं लिहावयास रकानाच नसतो, केवळ दिलेलीं कारणें निवडावयाचीं व ओळख पटवावयाची असते. तेथेंही हेंच तत्त्व लागू आहे.

अपिलाचें बटण बहुधा खात्यांत शिरण्याचा प्रयत्न केला म्हणजेच पडद्यावर दिसतें. तें दाबण्यापूर्वीं त्या सूचनेचा स्क्रीनशॉट घ्यावा. तारीख, कारण आणि मुदत हीं तिन्हीं त्यांत यावींत. फेसबुक व इन्स्टाग्राम येथें निलंबनाविरुद्ध अपील करण्यास साधारणपणें १८० दिवस मिळतात. ती मुदत टळली म्हणजे खातें कायमचें बंद होतें. कांहीं गंभीर आरोपांत मुदत वेगळी असते, किंवा अपिलाची वाटच ठेविलेली नसते. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबतां सूचनेंत लिहिलेली मुदतच प्रमाण मानावी. पुढें दूरध्वनीवर किंवा ईमेलवर आलेले सांकेतिक अंक भरावे लागतात, आणि क्वचित् ओळखपत्राचें चित्र किंवा चेहरा वळवून दाखविणारी लहानशी चित्रफीत मागतात. अपील एकदांच, पूर्ण करून पाठवावें. तोच अर्ज दहादां धाडल्यानें किंवा त्याच नांवाचें दुसरें खातें उघडल्यानें संशय मात्र वाढतो.

ओळखपत्राच्या बाबतींत मराठी कुटुंबांत एक अडचण वारंवार येते. कागदोपत्रीं नांव एक आणि घरांत रूढ झालेलें दुसरें. लग्नापूर्वींचें आडनांव एका ठिकाणीं, सासरचें दुसऱ्या ठिकाणीं. खात्यावरील नांव आणि ओळखपत्रावरील नांव जुळत नसेल तर जुळणारा दुसरा दाखला शोधावा. चित्र पाठवितांना आवश्यक नसलेला तपशील, उदाहरणार्थ पत्ता, झांकावा. आधारपत्र द्यावयाचें झाल्यास क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत आधार प्राधिकरणाकडून मिळते, तीच वापरावी.

कंपनीनें अपील फेटाळलें किंवा उत्तरच दिलें नाहीं, तरी भारतांत दुसरें दार आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचें नांव आणि संपर्काची रीति संकेतस्थळावर प्रसिद्ध करणें बंधनकारक आहे. तक्रारीची पोंच २४ तासांत देण्याचा नियम आहे. निकालासाठीं मूळ नियमांत १५ दिवसांची मुदत होती, तींत फेरफार होत असल्यानें चालू नियम पाहून घ्यावा. या अधिकाऱ्याच्या उत्तरानें समाधान झालें नाहीं, तर ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनें तिसरें दार उघडलें आहे. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तीन तक्रार अपील समित्या स्थापन केल्या. अधिकाऱ्याचें उत्तर हातीं आल्यापासून ३० दिवसांच्या आंत समितीकडे जावें लागतें. सारें काम संगणकावरूनच चालतें, आणि समितीनें शक्यतों ३० दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे. येथें आधींच्या स्क्रीनशॉटचें आणि तक्रारीच्या पोंचेचें महत्त्व कळून येतें. कागद नाहीं त्याची बाजू कितीही खरी असली तरी लंगडी पडते.

या वाटेवर एक भामटा मात्र हमखास भेटतो. ‘कंपनींत आपली ओळख आहे, अमुक रुपये द्या, खातें उद्यां सुरू करून देतों,’ असें तो सांगतो. अधिकृत अपिलाला अशा मध्यस्थाची गरज नसते. त्याला पैसे दिले तर पैसे जातात, आणि परवलीचा शब्द किंवा सांकेतिक अंक सांगितले तर उरलेलीं खातींही जातात. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

इतकें करूनही प्रत्येक अपील यशस्वी होतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील एका पित्यानें २०२१ सालीं आजारी बाळाच्या दुखऱ्या भागाचीं छायाचित्रें वैद्याला दाखविण्यासाठीं घेतलीं. तीं आपोआप त्याच्या गूगल खात्यांत जमा झालीं, यंत्रानें त्यांवर भलताच संशय घेतला, आणि खातें बंद झालें. पोलिसांनीं चौकशी करून त्याला निर्दोष ठरविलें. तरीही, २०२२ मध्यें न्यूयॉर्क टाइम्सनें ही हकीकत छापली तेव्हां, गूगलनें खातें परत दिलेलें नव्हतें. अनेक वर्षांचीं पत्रें, बाळाचीं पहिलीं छायाचित्रें आणि दूरध्वनि-क्रमांक सुद्धां त्याच्या हातून गेला होता.

म्हणून अपिलाची खरी तयारी खातें चालू असतांनाच करावयाची असते. आपली माहिती उतरवून घेण्याची सोय बहुतेक माध्यमांवर आहे. वर्षांतून दोनदां तरी तिची प्रत घरच्या संगणकावर घ्यावी. गिऱ्हाइकांचीं नांवें व क्रमांक साध्या वहींत उतरून ठेवावे. खात्याशीं जोडलेला दूरध्वनि-क्रमांक आणि ईमेल चालू आहे ना, जन्मतारीख खरी आहे ना, हें पाहावें. सोन्याची पाटली जपण्यासाठीं जें घर पेटीला दोन कुलुपें लावतें, त्याच घरांत आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र कोणा परक्याच्या कोठारांत, एकाच कुलपाच्या भरंवशावर पडून असतें. तें आजच घरीं आणावें; मग पुढें खातें बंद पडलेंच तर अपील शांत चित्तानें लिहितां येईल.