बाळंतिणीला विचारायचे दोन प्रश्न

पालम असो की जिंतूर, परभणी जिल्ह्यात दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की बाळाच्या जन्मापासून तिसऱ्या दिवशी आशाताई दारात येते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, वजन लिहायचं, आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, ते विचारायचं. तिच्या मनाची चौकशीही याच भेटींत सहज बसते.

ती किती गरजेची आहे, हे गोव्यात दिसलं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा इस्पितळातल्या मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या; सहा महिन्यांनीही २२ टक्के. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही मोठी कारणं. मुलगी झाली, याचाही भार आईवरच पडत होता.

पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलं तरी आईला झोप लागेना, तर ते अंगावर काढू नये. ‘गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही का? उदास, निराश वाटतं का?’ एवढं विचारलं तरी सुरुवात होते. मात्र एकटीला गाठून. सासू शेजारी असेल तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येणार.

होकार आला तर १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली प्राथमिक आरोग्य केंद्रात भरून घेता येते. दहा प्रश्न, शेवटचा जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल. बेरीज कितीही कमी येवो, तो प्रश्न वेगळा पाहायलाच हवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासावं.

उपचाराचं म्हणाल, तर गोव्यात पुढे नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तिथे शिकवून तयार केलेल्या ‘सखी’, म्हणजे साध्या गृहिणी, घरी जाऊन बोलत राहिल्या; त्यांच्या सोबतीने बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. आजार तीव्र असेल तर औषध लागतं, आणि सर्ट्रालीनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर पाजतानाही चालते.

परभणीला हे काम अनोळखी नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनीच घरोघरी मनाची विचारपूस केली. तीच शिदोरी बाळंतिणीच्या खोलीत वापरायला हवी.

आई भ्रमिष्टासारखी बोलू लागली, बाळाच्या जिवाचं भलतंसलतं बोलली, तर ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावत बसू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. एरवी सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.